मुलिगन्स फ्लॅटला दिवसा जा आणि रात्रीही जा

कॅनबेरात राहणाऱ्या किंवा येणाऱ्या सगळ्यांना आवर्जून सांगते, मुलिगन्स फ्लॅटला, म्हणजे इथल्या कुंपण घातलेल्या अभयारण्यात, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर जाच. दिवसा तिकीट वगैरे काही नाही, फोर्ड भागात गाडी लावायची आणि चालायला लागायचं, फक्त आत गेल्यावर गेट नीट लागलंय ना ते बघा कारण सगळं त्या कुंपणावर आहे. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो, आई म्हणाली, "अगं, प्राणी कोंडून ठेवलेत का?" तर उलट आहे, युरोपियन लोकांनी आणलेले कोल्हे आणि मांजरी बाहेर ठेवल्यात. सुरुवातीचं साडेअकरा किलोमीटरचं कुंपण 2009 मध्ये पूर्ण झालं, तेव्हा आत 485 हेक्टर जागा होती, नंतर ती वाढवली; आत माळरान आणि निलगिरीची जुनी झाडं. दिवसा कांगारू भरपूर, पक्षी तर विचारूच नका, चालायलाही सोपं, बाबांच्या गुडघ्यांनी काही तक्रार केली नाही.

पण खरी मजा रात्री. गाईडबरोबरची टूर ऑनलाइन बुक करावी लागते, तिला पैसे पडतात. लाल उजेडाचा टॉर्च वापरायचा, म्हणजे प्राण्यांना त्रास होत नाही. थोडं चाललो आणि समोर बेटाँग, सशाएवढा, उड्या मारत जाणारा. हा ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून साधारण शंभर वर्षांपूर्वी संपला होता, फक्त टास्मानियात उरला होता, तिथून 2012 मध्ये इथे आणला. जमिनीखालची बुरशी खायला तो सारखा उकरत असतो त्यामुळे माती मोकळी होते, पाणी मुरतं, आणि घरट्यासाठी गवत तो चक्क शेपटीत धरून नेतो! मला फार भारी वाटलं ते.

ठिपक्यांचा क्वोल, म्हणजे पोटाला पिशवी असलेला छोटा मांसाहारी प्राणी, मात्र नाही दिसला. 2016 मध्ये पहिल्यांदा सोडले तेव्हा काही कुंपण चढून बाहेरच गेले म्हणे, मग पिशवीत पिल्लं असलेल्या माद्या आणल्या, त्या टिकल्या. ज्यांनी हे एवढं चिकाटीने केलं त्यांचं खरंच कौतुक वाटतं.

लहान मुलं असतील तर बुकिंग करताना वयाची अट बघून घ्या, कुत्रा घरीच ठेवायचा, बंद बूट घाला, आणि हिवाळ्यात कानटोपी पाहिजेच पाहिजे, रात्री पारा शून्याखाली जातो.