अंगणातून दिसतं तेवढं

आज धुकं येणार हे काल रात्रीच कळलं होतं. आभाळ निरभ्र होतं, चंद्राच्या कडा अगदी रेखीव दिसत होत्या, पान हलत नव्हतं आणि परवापर्यंतच्या पावसाने माती अजून ओली होती. अशा रात्री जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते, तिला अडवायला ढग नसतात. मग जमिनीलगतची हवा गारठते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. गार हवा जड असते, म्हणून ती उतारावरून खाली सरकत सखल जागेत जाऊन बसते. आमच्याकडे ती जागा म्हणजे मागच्या शेतापलीकडचा ओढा. धुकं आधी तिथेच धरतं. रात्रीच कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज केली, ट्रायपॉड मागच्या दाराशी आणून ठेवला आणि झोपले.

उजाडायच्या आधी बाहेर आले तर ओढा दिसतच नव्हता. शेताचा अलीकडचा निम्मा भाग काळसर, पुढे सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात बांधावरची झाडं एकामागे एक फिकी होत गेलेली. एरवी ही सगळी झाडं एका हिरव्या पट्ट्यात मिसळून जातात. कुठलं जवळचं आणि कुठलं लांबचं, ते नुसत्या नजरेला उमगत नाही. धुकं त्यांना वेगवेगळं करतं. फोटो सपाट असतो, त्याला खोली कुठून तरी मिळवून द्यावी लागते. अशा सकाळी ती आपोआप मिळते.

कॅमेऱ्याला मात्र धुकं समजावून सांगावं लागतं. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो एक्स्पोजर, म्हणजे आत किती उजेड घ्यायचा ते, ठरवतो, त्यामुळे पांढरं धुकं फोटोत मळकट करडं येतं. एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, कधी त्याहून थोडं जास्त एक्स्पोजर दिलं की ते डोळ्यांना दिसतं तसं उजळ उतरतं. ऊन वर आल्यावर कुंपणाच्या तारांमधल्या कोळ्याच्या जाळ्यांचे फोटो काढले. त्यांच्यासाठी उजेड समोरून हवा आणि मागे काहीतरी गडद हवं. जाळ्यामागे गोठ्याच्या सावलीतली भिंत येईल अशी खाली बसले आणि दवाचा प्रत्येक थेंब वेगळा दिसू लागला. पाऊण तासात सगळं विरलं.

परत येताना शेजारच्या काकू भेटल्या. "तेच झाड रोज काय काढतेस गं?" मी म्हटलं, "काकू, रोज तेच नसतं." त्या हसल्या आणि पुढे गेल्या, पण माझं मलाच ते उत्तर अपुरं वाटलं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

मागच्या दारापासून थोड्या अंतरावर जमिनीत एक सपाट दगड रुतलेला आहे. ट्रायपॉड त्या दगडावर, कॅमेऱ्याची उंची तीच, लेन्स तीच, चौकटीत डावीकडे गोठ्याचा कोपरा आणि उजवीकडे बांधावरचं शेवटचं झाड. काहीही बदलायचं नाही. जमेल त्या दिवशी तिथून एक फोटो काढायचा, हा नेम बराच काळ चालू आहे. हे फोटो एकामागे एक बघताना पहिल्यांदा जाणवला तो सूर्य. तो पूर्वेला उगवतो असं आपण लहानपणापासून म्हणतो, पण वर्षभरात त्याची उगवायची जागा क्षितिजावर केवढी सरकते! विषुववृत्तावरसुद्धा दोन टोकांमध्ये ४७ अंशांचं अंतर पडतं आणि तिथून दूर जाल तसं ते वाढत जातं. माझ्या चौकटीत तो कधी गोठ्याच्या छपरावर असतो, तर कधी उजव्या कडेच्याही बाहेर. आणि तो एका वेगाने सरकत नाही. दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास आठवडाभरात लक्षात येईल इतका पुढे जातो. टोकाला पोचला की मात्र कितीतरी दिवस जणू एकाच फांदीमागून उगवत राहतो. हे मी शाळेत शिकले होते, पण दिसलं या फोटोंमध्ये.

फोटोसाठी याचा अर्थ असा, की घरासमोरच्या प्रत्येक गोष्टीचा स्वतःचा ऋतू असतो. विहिरीच्या आतल्या दगडांवर तिरपं ऊन वर्षातल्या ठरावीक दिवसांतच पोचतं. टेकडीच्या घळीत सकाळची सावली एका हंगामात खोल असते, दुसऱ्या हंगामात ती घळ सपाट दिसते. गाडी थांबवून फोटो काढून जाणाऱ्याला यातलं जे समोर येईल तेवढंच मिळतं. तो माझ्यापेक्षा कितीही निष्णात असला तरी त्याला इथे थांबता येत नाही. जो इथे राहतो त्याला थांबता येतं. घराजवळचे फोटो काढण्यातलं माझ्या मते सगळ्यात मोठं सुख हेच आहे आणि ताकदही हीच.

निसर्गातल्या दृश्याचा आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना फोटो कुठला, हे वाचलं तेव्हा म्हणूनच फार आनंद झाला होता. फ्रान्समध्ये सें-लू-द-व्हारेन नावाच्या खेड्यात नीसेफोर न्येप्सचं घर होतं. १८२६ किंवा १८२७ साली त्याने वरच्या मजल्याच्या खिडकीत कॅमेरा ठेवला आणि समोर जे दिसत होतं तेच घेतलं: घराचेच भाग, कोठाराचं उतरतं छप्पर, एक झाड आणि आभाळाचा तुकडा. कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर त्याने बिट्युमेनचा, म्हणजे नैसर्गिक डांबराचा पातळ थर दिला होता. जिथे उजेड पडला तिथे तो थर कडक झाला, उरलेला लव्हेंडरच्या तेलाच्या मिश्रणाने धुऊन निघाला. हे व्हायला निदान आठ तास लागले असावेत. नंतरच्या काही अभ्यासकांच्या मते तर काही दिवस. तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेला, त्यामुळे त्या फोटोत समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन आहे. असं दृश्य कुणाही माणसाला एका क्षणी दिसणार नाही. एका खेड्यातल्या घरासमोरून गेलेला आख्खा दिवस त्या पत्र्यावर आहे. तो पत्रा आता अमेरिकेत, टेक्सस विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये जपून ठेवला आहे. आकार साधारण १६ बाय २० सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या पानाएवढा. दूरच्या देशातले डोंगर, राजवाडे हे सगळं पुढे आलं. सुरुवात घरापासून झाली.

दुसरा माणूस मनात घर करून आहे तो विल्सन बेंटली. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको या गावी त्याची शेती होती. १८८५ साली, विशी गाठायच्या आधी, त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमाच्या एका कणाचा फोटो घेतला. मग आयुष्यभर शेती सांभाळत असे ५००० हून अधिक फोटो काढले. थंडी नसेल तेव्हा दव आणि कोळ्याची जाळी. त्याचं सगळं काम घराच्या आसपास, जे आभाळातून पडलं आणि कुंपणावर जमलं त्यावरच झालं. आज जाळ्यांसमोर बसले होते तेव्हा त्याची आठवण होती.

दुपारबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. डोक्यावरचं ऊन असताना मी लांबची दृश्यं काढत नाही. ढगाळ दुपार मात्र सोडत नाही, कारण मऊ उजेडात झाडाची साल, शेवाळ, भिंतीचे पोपडे फार छान येतात. पाऊस पडून गेल्यावर लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावून हळूहळू फिरवायचा. ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि तिच्याखालचा खरा हिरवा रंग वर येतो. हा रंग नंतर संगणकावर वाढवून मिळत नाही.

संगणकाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठामपणे लिहून ठेवते. मी फोटोतून काही पुसत नाही. माझ्या चौकटीत विजेचा खांब आहे, त्याच्या दोन तारा आभाळ कापत जातात. गोठ्यावर पत्रा आहे, त्याच्या कडेला निळा प्लास्टिकचा कागद बांधला आहे. हे काढून टाक, फोटो किती स्वच्छ होईल, असं मला जाणकारांनी सांगितलं आहे. त्यांचा हेतू चांगला असतो. पण त्या तारेवर रोज संध्याकाळी पाखरं बसतात, त्या तारेमुळे विहिरीवरचा पंप चालतो आणि तो निळा कागद नसता तर गेल्या पावसात चारा भिजला असता. हे सगळं पुसलं तर उरेल ते सुंदर असेल, पण ते आमचं घर नसेल. गावाकडचे फोटो म्हणजे माणसाच्या कामाची खूण नसलेलं हिरवंगार चित्र, ही समजूत मला मनापासून खटकते. शेत हेच मुळात माणसाच्या हाताने झालेलं आहे.

आणि काय जपायला हवं होतं ते आधी कळत नाही. बांधावरचं मधलं झाड, ज्याच्याबद्दल काकू विचारत असत, ते एका रात्रीच्या वादळात मुळासकट गेलं. आता त्या जागी आभाळ आहे आणि काकू विचारतात ते त्याच्या शेजारचं झाड. मधल्या झाडाचा मी खास असा फोटो कधीच काढला नव्हता. पण दगडावरून काढलेल्या त्या रोजच्या फोटोंत ते आहे: पानगळीत उघडं पडलेलं, पहिल्या पालवीचं, पावसात काळं झालेलं, धुक्यात जेमतेम दिसणारं. ते पडलं त्या दिवशी मी हे सगळे फोटो घरातल्यांना ओळीने दाखवले. माझे सासरे एरवी फोटोंकडे फार लक्ष देत नाहीत. त्या संध्याकाळी ते सावकाश, एकेका फोटोवर थांबत बघत राहिले आणि झाड कुणी लावलं, तेव्हा बांध कुठून जायचा, हे बोलू लागले. ते मी लिहून घेतलं आहे. त्याच फोल्डरमध्ये ठेवलं आहे, कारण आता तेही त्या फोटोंचाच भाग आहे.

संध्याकाळी नेहमीसारखी अंगणात होते. सूर्य बुडाल्यावर बहुतेक लोक कॅमेरा आत नेतात, मी तेव्हा ट्रायपॉड लावते. आभाळ गडद निळं होत जातं. त्या निळ्यामागे ओझोनचा मोठा हात असतो, कारण तिरप्या उजेडाला त्याच्या थरातून खूप लांबचा प्रवास करावा लागतो आणि पिवळा-नारिंगी भाग तिथे शोषला जातो. याच सुमाराला स्वयंपाकघरातला दिवा लागतो. बाहेरचा उजेड आणि खिडकीतला उजेड काही मिनिटं बरोबरीने असतात. त्याआधी खिडकी मिणमिणती वाटते, त्यानंतर आभाळ काळं होतं. शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं, त्यामुळे आत कुणी हाललं तर खिडकीत नुसती एक पुसट आकृती उमटते. आज ती आकृती सासूबाईंची आहे, चुलीपाशी उभी. फार आवडला तो फोटो.

तो त्यांना दाखवला तेव्हाच उद्याचं विचारून ठेवलं. परवा पौर्णिमा. आदल्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताच्या थोडा आधी उगवतो, म्हणजे चंद्रही दिसतो आणि घरावर शेवटचं ऊनही असतं. पौर्णिमेला तोवर जमीन अंधारलेली असते. चंद्र आभाळात जेमतेम अर्धा अंश रुंद. दीड मीटर उंचीचं माणूस त्याच्याएवढं दिसायला हवं असेल तर माणसापासून साधारण १६५ मीटर लांब उभं राहावं लागतं. आज पावलांनी अंतर मोजलं, ते पुढच्या बांधाच्या वळणापाशी येतं. मोठी लेन्स तिथून लावायची. सासूबाई घराच्या डाव्या अंगाला, उंचवट्यावर उभ्या राहतील. तिथे मागे मोकळं आभाळ आहे आणि चंद्राची दिशाही ॲपमध्ये तीच दिसते आहे.

"किती वेळ उभं राहायचं?" त्यांनी विचारलं.

"फार नाही, आई. दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. मी लांबून हात वर केला की एक पाऊल माझ्या उजव्या हाताच्या बाजूला या."