पाच किलो घासाच्या बियाण्यासाठी दोन दिवस: सिन्नर ते निफाड

गेल्या वर्षी माझा घासाचा प्लॉट गेला, म्हणून हा फेरा. दिंडोरी तालुक्यात आमचा द्राक्षाचा जुना बाग काढला आणि मोकळ्या झालेल्या २० गुंठ्यांत जनावरांच्या चाऱ्यासाठी लसूणघास टाकला. बी एका दुकानातून सुटं घेतलं, ना पिशवीवर लेबल, ना काही. थंडीत उगवण झकास. मार्चमध्ये मधोमध पिवळे धागे दिसले, शेवया सांडल्यासारखे. ती अमरवेल, दुसऱ्या पिकावर पोसणारी, बियाण्यातून आलेली. तेवढा तुकडा कापून जाळला. जे वाचलं ते जुलैत पाण्याखाली चार दिवस उभं राहिलं आणि मुळातून सडलं. चूक निम्मी दुकानाची, निम्मी माझी, कारण सगळ्यात खोलगट कोपरा मीच निवडला होता.

यंदा ठरवलं, आधी दुसऱ्यांचे प्लॉट बघायचे, बी मागाहून. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मेव्हण्याला मागे बसवलं आणि सकाळी सहाला नाशिक सोडलं. थंडी अजून होती. सिन्नर तीसेक किलोमीटर, तिथे मिसळ खाल्ली आणि शिर्डी रस्त्याला लागलो. वावीच्या अलीकडे एका वस्तीवर ओळखीतल्या ओळखीने एक नाना भेटले. साठ शेळ्या, सगळं बंदिस्त, आणि दीड एकर घास. जमीन हलकी, मुरमाड, थोडी उताराची. माझ्या काळ्या रानासमोर गरीबच दिसत होती.

नानांनी काही न बोलता कुदळ घेतली आणि एक झाड मुळासकट काढलं. मूळ सरळ खाली गेलेलं, तळाला तुटलं तरी हातभर आलं. त्याच्या बारीक फाट्यांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. त्यातली एक त्यांनी नखाने चिरली, आतून गुलाबी. "ही लाल दिसली म्हणजे कामाला लागलेली," म्हणाले. "पांढरी असली तर नत्र तूच घालत बसशील." हवेतला नत्र धरणारे जिवाणू याच गाठींत असतात. ज्या रानात घास कधी झालाच नाही, तिथे ते असतीलच असं नाही, म्हणून बियाण्याला रायझोबियम, म्हणजे याच जिवाणूंचं खत, चोळायचं. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून, लगेच पेरणी. पाकीट घासाचंच घ्या. हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं इथे चालत नाही, जिवाणू वेगळा आहे. मी गेल्या वर्षी हे केलंच नव्हतं.

बी एकरी १० किलो, म्हणजे मला पाच पुरे. बी बाजरीपेक्षा बारीक, त्यामुळे वाळूत मिसळून एक फूट अंतरावरच्या ओळींत टाकायचं आणि सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायचं नाही. ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर ही वेळ. पहिली कापणी ५५-६० दिवसांनी. पुढच्या दर महिन्याच्या आसपास, थंडीत आठवडाभर उशिरा. स्फुरद (फॉस्फरस) भरपूर लागतो, युरिया जवळपास नाही. हे नाना एका दमात बोलून गेले. त्यांचा जीव अडकला होता वाळवणात.

आपल्याकडे घास म्हटलं की हिरवी पेंढीच डोळ्यासमोर येते, पण मला सुका हवा आहे. पावसाळ्यात हिरवा घास ओला, कोवळा, गायीचं पोट फुगवणारा. तेव्हा गंजीतला सुका घास कडब्याच्या कुट्टीबरोबर दिला की खुराक वाचतो. पण सुक्याचं सगळं मोल पानात आहे. देठाच्या दुप्पट-तिप्पट प्रथिनं पानात असतात आणि वाळताना आधी पानच गळतं. नानांनी मला दुपारी एक वाजता वाळत घातलेल्या घासाची मूठ उचलायला लावली. हातात काड्या राहिल्या, पानांचा चुरा खालच्या ताडपत्रीवर. "हे बघ, एवढा माल जमिनीला दिला," ते म्हणाले. उलटापालट करायची ती सकाळी, दव असतं तेव्हा. तेव्हा पान लवचीक असतं आणि देठाला धरून राहतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम सात वाजता तिथे परत गेलो. त्याच ओळीतली मूठ दाबली तर हिरवी घडी हातात तशीच.

कापणीच्या पाच-सहा दिवस आधी पाणी तोडायचं, नाहीतर खालची ओल वर येते आणि घास खालून काळा पडतो. दहा झाडांत एखाद्याला जांभळं फूल दिसलं की विळा लावायचा, जमिनीपासून दोन-तीन बोटं वर. बुडातले नवे कोंब कापले गेले तर पुढची कापणी लांबते. त्यांच्या हवेत कापलेला घास मार्चमध्ये दोन दिवसांत, फेब्रुवारीत तीन-साडेतीन दिवसांत वाळतो. हिरवा चार-पाच किलो वाळवून सुका किलोभर पडतो, हे गणित आधीच मनात धरा, म्हणजे गंजी बघून निराश होणार नाही.

वाळला की नाही हे कसं ओळखायचं, त्याची नानांची युक्ती मला सगळ्यात आवडली. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर घासाचे तुकडे, त्यात चमचाभर कोरडं मीठ, झाकण लावून दोन मिनिटं हलवायचं. मीठ मोकळं राहिलं तर रचायला हरकत नाही. मीठ गोळा झालं तर अजून उन्हात. ओलावा १५-१८ टक्क्यांच्या वर असताना रचला तर बुरशी धरते, त्याहून ओला घट्ट बांधला तर आतून तापतो, कधी पेटही घेतो. मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, मीठ तर आपल्या घरी कायम गोळाच असतं." खरं आहे, आधी मीठ तव्यावर कोरडं करून घ्यायचं.

दुपारनंतर निफाडची वाट धरली. वेगळाच मुलूख. कालव्याचं पाणी, काळी भारी जमीन, ऊस, द्राक्षं, कांदा. सायखेड्याच्या पुढे एका दादांचा एकरभर घास होता, सगळा गादीवाफ्यावर, ठिबकवर. ते एक काडीही वाळवत नाहीत. रोज पहाटे पेंढ्या बांधून नाशिकच्या तबेल्यांना देतात. "हिरवा दारातून जातो, मग उन्हात घालून पाऊणपट वजन कशाला घालवू?" त्यांचंही बरोबरच आहे. गाडी रोज शहरात जात असेल तर वाळवणाच्या नादाला लागू नका. पण भारी रानात त्यांचा घास दुसऱ्या पावसाळ्यात विरळ होतो, म्हणून ते त्याला वर्षाचंच पीक धरतात. मोडल्यावर त्याच जागी लगेच घास पेरत नाहीत, मधे मका किंवा ज्वारी घेतात. हे पाळाच. जुन्या घासाच्या मुळांतून-पानांतून जे उतरतं तेच नव्या घासाची उगवण मारतं.

जातीचा प्रश्न मी दोघांनाही विचारला. नानांकडे आरएल-८८, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची, तीन-चार वर्षं टिकणारी. दादांकडे आनंद-२, गुजरातेतल्या आनंदची. परदेशी बियाण्याच्या माहितीपत्रकात १ ते ११ असा थंडीतल्या सुप्ततेचा आकडा असतो. आकडा जितका लहान, तितका तो वाण थंडीत झोपणारा. निफाडची थंडी नावाजलेली असली तरी बर्फ काही पडत नाही, त्यामुळे ४-५ आकड्याचं बी घेऊन हिवाळ्यातल्या कापण्या घालवण्यात अर्थ नाही. माझं मत आता आरएल-८८ कडे आहे, आणि पिशवीवर प्रमाणित बियाण्याचं निळं लेबल असेल तरच.

तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा गाठा. पुढे अवकाळीचा भरवसा नाही, पावसाळ्यात बघण्यासारखं काही नसतं. स्वतःची गाडी हवी, वस्त्यांपर्यंत एसटी जात नाही. सकाळी सातच्या आत शेतात पोचा, नाहीतर खरं काम बघायला मिळत नाही. फोन करून जा, जाताना घरचं काहीतरी घेऊन जा, आम्ही द्राक्षं नेली होती. कुदळ त्यांच्याकडे असते, बरणी आणि मीठ तुम्ही न्या. एक गोष्ट फार कमी लोक पाळतात: अमरवेलीच्या प्लॉटमधून निघालात तर बूट आणि पँटच्या घड्या रस्त्यावरच झटका. धाग्याचा तुकडाही चिकटून घरी येतो. वेळ उरला तर नांदूर मध्यमेश्वर जवळच आहे. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ, या दिवसांत पाहुणे पक्षी थोडेफार असतात. आम्ही दुपारी गेलो आणि उन्हात फक्त बगळे बघून आलो. राहुरीला जायचं असेल तर वावीहून शिर्डी, कोल्हार असा रस्ता आहे, पण बियाणं आहे का हे विचारूनच निघा.

आम्ही बी न घेताच परत आलो. संध्याकाळी रानात दोन खड्डे घेतले, दोन-दोन फुटांचे. एक खालच्या काळ्या कोपऱ्यात, एक वर बांधाजवळ, जिथे आजोबांनी मुरूम टाकला होता. दोन्ही पाण्याने काठोकाठ भरले. सकाळी वरचा कोरडा होता. खालच्यात अजून वीतभर पाणी, आणि त्यात एक बेडूक.