साबण नको

पीएचडीचं दुसरं वर्ष. काम ऐकायला सोपं होतं: उंदराच्या यकृतातून मायटोकॉन्ड्रिया वेगळ्या काढायच्या आणि त्या किती ऑक्सिजन खातात ते मोजायचं. शाळेत ‘तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर’ हे वाक्य घोकून दोन मार्क मिळवले होते. हे ऊर्जाघर हातात घेणं किती अवघड, ते आता कळणार होतं.

उंदीर आदल्या रात्री उपाशी ठेवायचा, म्हणजे यकृतातलं ग्लायकोजेन, तिथली साठवलेली साखर, उतरतं. सकाळी बर्फावर, सुक्रोजच्या गार द्रावणात यकृत चिरायचं, काचेच्या होमोजिनायझरमध्ये घालून टेफ्लॉनचा दांडा चार-पाच वेळा वर-खाली करायचा. मग सेंट्रीफ्यूज. आधी हळू फिरवलं की न फुटलेल्या पेशी आणि केंद्रकं खाली बसतात. वरचं द्रावण काढून जोरात फिरवलं की तळाशी तपकिरी गाळ उरतो. तोच आपला माल. त्याच्यावरचा पांढुरका, भुसभुशीत थर अलगद धुऊन टाकायचा. सगळं चार अंशांना. पुण्याच्या मे महिन्यात रोज स्वेटर घेऊन बाहेर पडणारी मी एकटीच असेन.

हा गाळ ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या कुपीत टाकला की रेकॉर्डरचं पेन कागदावर रेष ओढू लागतं. सक्सिनेट हे इंधन दिलं की ऑक्सिजन घटू लागतो आणि रेष संथ उतरते. एडीपी टाकला की धाडकन उतार घेते, कारण एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनवायला कच्चा माल आला. तो संपला की पुन्हा संथ. या दोन उतारांचं गुणोत्तर चार-पाच आलं की समाधानाने चहा प्यायला जायचं.

माझं यायचं १.२. एडीपी टाका नाहीतर नुसतं पाणी टाका, रेष आपली सुसाट खाली.

कारण पुस्तकात होतं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलं होतं की मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाच्या, म्हणजे पातळ पडद्याच्या, एका बाजूला ऑक्सिजन खर्चून प्रोटॉन साठवले जातात आणि ते परत येताना एटीपी तयार होतो. १९७८ मध्ये त्यांना याबद्दल नोबेल मिळालं. धरणातलं पाणी टर्बाइनमधून सोडावं तसंच हे. माझ्या धरणाला भगदाड होतं, ते भरत राहण्यातच ऑक्सिजन सुसाट संपत होता. पण ते पाडत कोण होतं?

चार महिने गेले. सुक्रोज नवीन मागवलं. एडीपीचं द्रावण आम्लधर्मी राहिलं असेल म्हणून पीएच पुन्हा जुळवला. सुटी मेदाम्लं पटल गळकं करतात म्हणून ती शोषून घेणारं प्रथिन, मेदरहित अल्ब्युमिन, घातलं. सर बोलायचे नाहीत, फक्त कागद बघून ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’ची मी धास्ती घेतली होती.

एका संध्याकाळी सिंकपाशी आमचे मामा, प्रयोगशाळेतले मदतनीस, होमोजिनायझर घासताना दिसले. ब्रश, पावडर, फेस.

“मामा, रोज असंच धुता?”

“मग? मॅडम, तुमचं भांडं मी चकाचक ठेवतो. बाकीच्यांचं नुसतं विसळतो.”

पटल मेदाचं, आणि साबणाचं कामच मेद विरघळवण्याचं. काचेला चिकटून राहिलेला अंशही पुरतो. दुसऱ्या दिवशी होमोजिनायझर डिस्टिल्ड वॉटरने वीसेक वेळा विसळला. गुणोत्तर आलं ४.६.

याच सुमारास १९६२ चा एक पेपर हाती लागला. स्वीडनमधले रॉल्फ लुफ्ट आणि त्यांचे सहकारी. एक बाई भरपूर खायची तरी हडकुळी, सतत घामाघूम. चयापचयाचा वेग सामान्याच्या दुपटीहून जास्त, आणि थायरॉइड मात्र ठीक. तिच्या स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रिया एडीपी नसतानाही जोरात ऑक्सिजन खात होत्या. मायटोकॉन्ड्रियाच्या बिघाडामुळे होणारा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो हा. मी कचऱ्यात टाकलेले माझे कागद आठवले. चार महिने मी त्या बाईचाच आलेख काढत होते, फक्त माझा साबणाने झालेला होता.

मग मी आजारांकडेच वळले. आज रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे तपासते. गोठवलेल्या तुकड्यात एकेका एन्झाइमचं काम मोजता येतं, पण गोठताना पटल फुटतं, त्यामुळे ती उतरती रेष फक्त ताज्या तुकड्यातूनच मिळते. एकदा ‘ताजा पाठवा’ असं तीनदा सांगूनही डबा आला तो कोरड्या बर्फात, गोठलेलाच. लहान मुलाचा तुकडा होता. पुन्हा काढा असं त्याच्या आईवडिलांना सांगायचं कुणी? जे मोजता आलं, तेवढंच मोजलं.

तो होमोजिनायझर अजून माझ्याकडे आहे. मामा निवृत्त झाले, पण त्यावर त्यांनीच चिकटवलेली पट्टी आहे, त्यांच्या तिरक्या अक्षरातली: साबण नको.