नाव नाही, पण माणूस सापडतो
मी मोबाइल ॲप बनवते. जाहिरातींसाठी ॲपमध्ये बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीचा तयार कोड घातला जातो. वापरणाऱ्याने ॲपला लोकेशनची परवानगी दिली की ती त्या कोडलाही मिळते. मग फोनच्या जाहिरात-आयडीला (जाहिरातींसाठी प्रत्येक फोनला दिलेला ओळख-क्रमांक) अक्षांश-रेखांश आणि वेळ जोडली जाते. नाव नसतंच. पण फोन रोज रात्री कुठे असतो आणि दुपारी कुठे, एवढं कळल्यावर माणूस शोधायला कितीसा वेळ लागणार?

अशी माहिती डेटा ब्रोकर, म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्या, विकत घेतात. त्यात मालमत्तेच्या नोंदी, लॉयल्टी कार्डं, वॉरंटीचे फॉर्म मिसळतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ च्या अहवालात नऊ ब्रोकर तपासले. एकाकडे जवळपास प्रत्येक अमेरिकन ग्राहकासाठी ३,००० डेटा सेगमेंट, म्हणजे माणसांना ज्यांत वाटून टाकतात ते गट, होते. ‘मधुमेहात रस असलेले’ असेसुद्धा गट पाडलेले! कुणाचं आजारपण असं विक्रीला काढलेलं मला सहन होत नाही.

माहिती पुसायला सांगायचं, तर ब्रोकर कोण हेच ठाऊक नसतं. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून एकाच अर्जात सगळ्या नोंदणीकृत ब्रोकरांना ती पुसायला लावायची तरतूद केली. हे मला मनापासून पटलं. तुम्ही अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाऊन जाहिरात-आयडी तरी डिलीट करा, आणि लोकेशन मागणाऱ्या प्रत्येक ॲपला ते नक्की कशाला हवंय ते बघा.