खळ्यातली शांतता

मार्चचा दुसरा आठवडा होता. जळगावचं ऊन अजून पंचेचाळिशीला टेकलं नव्हतं, पण घरोघरचे कूलर माळ्यावरून खाली उतरले होते. त्या दिवशी सकाळी साडेदहाला एक जोडपं आलं. तो खुर्चीत बसला, हातातली औषधांची पिशवी मांडीवर ठेवली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "ताई, मना कानमा रातकिडा बठेल शे. रातभर बोंबलस."

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. ऐकण्याची चाचणी घेणं आणि श्रवणयंत्रं बसवणं हे माझं चौदा वर्षांचं काम. औषधं देणं हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं काम, आणि त्यांनी तपासून पाठवलेले पेशंट माझ्याकडे येतात. कानात वाजणारे, म्हणजे कर्णनादाचे, पेशंट मला नवे नाहीत. हा माणूस मात्र वेगळा वाटला, कारण तो बोलत होता माझ्याशी, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. मान किंचित तिरकी करून तो सतत आतलं काहीतरी ऐकत होता.

माझ्या माहेरी अहिराणीच बोलतात, म्हणून मीही अहिराणीतच विचारायला सुरुवात केली. तेवढ्याने त्याचे खांदे जरा खाली आले.

त्याचं नाव-गाव मी सांगणार नाही. अमळनेरच्या बाजूचा, चाळिशी ओलांडलेला, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की डबल रोलरच्या मशीनमध्ये दिवसाचे दहा-बारा तास जायचे. शेजारी उभ्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं अशी ती जागा. आपल्याकडे कारखान्यात ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. ओरडल्याशिवाय बोलता येत नसेल तर आपण त्या मर्यादेच्या आसपास किंवा पलीकडे आहोत असं समजावं. कान झाकायला तो काय वापरायचा? कापूसच. समोर ढीग पडलेला असतो, त्यातला बोळा करून कानात घालायचा. जिनिंगमधले कितीतरी लोक हेच करतात आणि आपण काळजी घेतली अशा समजुतीत वर्षं काढतात. साध्या कापसाने आवाज फारसा अडत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

डिसेंबरात पुतण्याच्या लग्नाची वरात निघाली. डीजेच्या भिंतीपासून पाच-सहा हातांवर हा दोन तास नाचला. सकाळी उठला तर दोन्ही कानांत शिट्टी. दुपारपर्यंत जाईल असं वाटलं, मग आठवड्यात जाईल असं वाटलं. तीन महिने झाले.

या तीन महिन्यांत त्याने काय काय केलं ते त्याची पिशवीच सांगत होती. व्हिटॅमिनच्या, झिंकच्या आणि जिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्यांची पाकिटं होती, कानात टाकायच्या थेंबांच्या दोन बाटल्या होत्या. घरी लसणाचं तेल कोमट करून घालून झालं होतं. कोणी म्हणालं वारं शिरलं, कोणी म्हणालं अशक्तपणा आहे. एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी मात्र त्याला फक्त एक वाक्य दिलं: "याला इलाज नाही, सवय करून घ्या."

या वाक्याबद्दल मला बोललंच पाहिजे. ते खोटं नाही, अर्धवट आहे. कर्णनाद कायमचा बंद करणारी गोळी आजही नाही, हे खरं. पण सवय ही गोष्ट माणूस एकट्याने दात-ओठ खाऊन करून घेत नसतो. ती कशी होते, कशाने अडते, किती महिने लागू शकतात, हे कोणीतरी समोर बसून समजावावं लागतं. सुरुवातीच्या वर्षांत मीही हेच वाक्य बोलत असे. त्यातले काही पेशंट पुन्हा आलेच नाहीत. त्यांचं पुढे काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मी त्याला पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली दिली. १९९६ साली तयार झालेली ही प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला 'हो', 'कधी कधी' किंवा 'नाही' म्हणायचं, आणि शंभरपैकी गुण काढायचे. ७८ किंवा त्याहून जास्त आले की ती सगळ्यात गंभीर पायरी. त्याचे ८४ आले.

मग मी वहिनींना बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला सरळ विचारलं, "भाऊ, जगणं नको असं वाटतं का कधी?" हा प्रश्न विचारायला मी घाबरत नाही. विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट आत दाबून ठेवलेलं बाहेर यायला वाट मिळते. तो बराच वेळ बोलला नाही. मग दोन बोटं वर केली. दोनदा वाटलं होतं.

चाचणी बाजूला ठेवून मी आधी आमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी त्याच संध्याकाळची मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी त्याच्या आणि, त्याला विचारून, वहिनींच्या मोबाइलमध्ये भरून दिला. रात्री-अपरात्री लावला तरी चालतो, पैसे पडत नाहीत. मग विचारलं, झोपता कुठे?

"खळामा," तो म्हणाला.

घरात पोरांचा गोंगाट, टीव्ही, भांडी. शांतता मिळावी म्हणून तो महिनाभर गावाबाहेरच्या खळ्यात एकटा झोपत होता, तोही कानात कापसाचे बोळे घालून. इथे माझ्या लक्षात आलं की हा माणूस आपल्या दुखण्याला स्वतःच्या हाताने खतपाणी घालतोय आणि त्याला त्याची कल्पनाही नाही.

१९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी ऐकण्याची काही तक्रार नसलेली ८० माणसं एकेक करून आवाजबंद खोलीत बसवली आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. खोलीत काहीच वाजत नव्हतं, तरी ९४ टक्के लोकांनी गुणगुण, शिट्टी, किरकिर असं काही ना काही लिहिलं. पुरती शांतता मिळाली की चांगल्या कानालाही आतलं ऐकू येऊ लागतं. मग ज्याचे कान आधीच वाजताहेत, त्याचं खळ्यात काय होत असेल?

चाचणीत आलेख जसा अपेक्षित होता तसाच आला. २००० हर्ट्‌झपर्यंत रेघ बरी, ४००० ला खड्डा, ६००० ला आणखी खोल. आवाजाने मार खाल्लेल्या कानाची ही ओळखीची खूण. कानाच्या आत शंखासारख्या भागात बारीक केसांच्या पेशी असतात. दादर ज्वारीच्या शेतातून गुरं गेली तर काही ताटं पुन्हा उभी राहतात, पण रोजच गुरं जायला लागली तर आडवी होतात ती कायमची. माणसाच्या कानात ती पुन्हा उगवत नाहीत. तिथून येणारा आवाज कमी झाला की मेंदू, लांबचं स्टेशन नीट लागत नसलेल्या रेडिओसारखा, आपला आवाज वाढवत जातो. स्टेशन तर लागत नाहीच, खरखर तेवढी मोठी होते.

हे त्याला पटलं. पण त्याचा खरा प्रश्न वेगळा होता. "मग आखो दिन तेच का ऐकू येस?"

मी विचारलं, "जिनिंगमध्ये सगळ्या मशीन सुरू असतात तेव्हा तुम्हाला प्रत्येक मशीन ऐकू येते का?"

"नही. खराब बेअरिंग तेवढं बरोबर ऐकू येस."

"एवढ्या गोंगाटात?"

"तेच तर मनं काम शे." एवढं बोलून तो थांबला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

तुमच्या मेंदूने या शिट्टीला खराब बेअरिंग ठरवलंय, मी म्हटलं. काहीतरी मोडतंय, बिघडतंय, लक्ष ठेव, असं तो रात्रंदिवस सांगतोय. बेअरिंग बदलता येत नाही हे खरं. पण हा धोक्याचा आवाज नाही हे मेंदूला कळलं, की बाकीच्या मशीनसारखा तोही मागे पडतो. त्याला महिने लागतात. दर वेळी तुम्ही कान देऊन 'आहे का गेला' बघता, तेव्हा मेंदूला पुन्हा वाटतं की हे काम महत्त्वाचं आहे.

एव्हाना वहिनी आत आल्या होत्या. त्या दमलेल्या होत्या आणि थोड्या चिडलेल्याही. त्यांचं म्हणणं, आवाज आम्हाला तर कोणाला येत नाही, हे उगाच मनाला लावून घेतात, कामावर जात नाहीत, पोरांवर ओरडतात. त्यांचंही खोटं नव्हतं. तीन महिने घर त्या एकट्याच ओढत होत्या.

मी मशीनवर एकेक आवाज लावून त्याच्या कानातल्या शिट्टीशी जुळवून घेतला. ६००० हर्ट्‌झला तो म्हणाला, "हाऊच. हाऊच शे." किती मोठा, तेही मोजलं. त्याला जेमतेम ऐकू येतो त्याच्या फक्त ५ डेसिबल वर. बहुतेकांचं असंच निघतं, आवाज मोजायला गेलं तर बारीक असतो.

मग मी वहिनींना केबिनमध्ये बसवलं. त्यांचे कान चांगले होते, म्हणून त्यांच्या हिशेबाने बारीकच, पण नीट ऐकू येईल असा तोच स्वर हेडफोनमध्ये लावला. लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्या हसल्या. "एवढासाच?"

मी माइकवरून म्हटलं, "हो, एवढासाच. आता डोळे मिटा आणि दहा मिनिटं झोपायचा प्रयत्न करा."

एक मिनिट त्या स्वस्थ होत्या. दुसऱ्या मिनिटाला कपाळावर आठी आली. मग त्यांनी हेडफोन जरा सरकवून पाहिला, पुन्हा नीट बसवला, पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. तो माझ्या शेजारी उभा राहून काचेतून बघत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. चौथं मिनिट पुरं व्हायच्या आत वहिनींनी हेडफोन ओढून काढला आणि मांडीवर ठेवला. दार उघडून मी आत गेले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"मी काढी टाकं," त्या म्हणाल्या. "यास्ले काढता येस नही."

तो दारातच उभा होता. तो खाली बसला आणि रडला, चांगला मोठ्याने. बाहेरचे पेशंट वाकून बघायला लागले तेव्हा मी दार लावून घेतलं. त्या दिवशीच्या पुढच्या दोन वेळा मी रद्द केल्या.

उपचार म्हणाल तर त्यात डोळे दिपवणारं काही नव्हतं. गोळ्यांची पिशवी डॉक्टरांना दाखवली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने ज्या सूचना काढल्या, त्यात जिंको-झिंक घेऊ नका आणि विचारांना वळण देणाऱ्या समुपदेशनाची, म्हणजे सीबीटीची, शिफारस आहे. त्यामुळे पिशवी बंद झाली आणि समुपदेशन सुरू झालं, मनोविकारतज्ज्ञांचं औषध सोबतीला. खळ्यातली खाट घरात आली. रात्री कूलर चालू, आणि तो बंद असेल तेव्हा रेडिओ, कानातल्या शिट्टीपेक्षा किंचित कमी आवाजात. शिट्टी झाकून टाकायची नाही, तिला सोबत द्यायची. जिनिंगमध्ये कापसाच्या बोळ्याऐवजी खरे इअरमफ. श्रवणयंत्राला तो तयार नव्हता, मी आग्रह धरला नाही. (एका कानातच वाजणं, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजणं, अचानक ऐकू येईनासं होणं, चक्कर येणं, यातलं काही असेल तर मात्र हे कूलर-रेडिओ बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. अचानक बहिरेपणात तर दिवस मोजून उपचार करावे लागतात.)

आणि वहिनींना एक काम दिलं: तो झोपला त्या रात्रीची खूण ठेवायची.

सगळं सरळ झालं नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात रात्री पावणेदोनला फोन आला. लाइट गेली होती, कूलर बंद पडला, आणि तो अंगणात उकिडवा बसून कानांवर हात दाबून होता. मी फोनवर त्याच्याशी अर्धा तास बोलले. शेजारच्या आळीत पोरी रात्री उशिरापर्यंत झोक्यावर गाणी म्हणत होत्या, ती मला फोनमधून ऐकू येत होती. मी म्हटलं, भाऊ, त्या पोरी काय म्हणताहेत तेवढं मला सांगा. तो अडखळत एकेक ओळ सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेलवर चालणारा रेडिओ आणला.

मेमध्ये त्याचे गुण ५८ होते, जुलैत ४०. जुलैतच त्याने स्वतःहून श्रवणयंत्र लावून बघितलं आणि ठेवून घेतलं.

पोळ्याच्या नंतरच्या सोमवारी दोघं आले. वहिनींनी पिशवीतून घडी घातलेलं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, दुधाचा हिशेब लिहितात ते. प्रत्येक तारखेच्या चौकोनात 'अर्धा', 'एक', 'नाही' असं दुधाचं लिहिलेलं, आणि त्याखाली निळ्या पेनाचा ठिपका, म्हणजे तो झोपला. मार्चच्या पानावर चार ठिपके होते. एप्रिलमध्ये अकरा, त्यातही आखाजीच्या आसपास सहा चौकोन सलग रिकामे. जूनमध्ये जवळजवळ रोज. जुलैत १९ तारखेपर्यंत ठिपके, आणि पुढे काहीच नाही.

माझ्या पोटात धस्स झालं. मी विचारलं, "एकोणीसनंतर काय झालं, वहिनी?"

त्यांनी पान आपल्याकडे ओढून घेतलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पानाकडे. दूध रोज लिहिलेलं होतं.

"काय व्हयनं नही, ताई," त्या म्हणाल्या. "ठिपका द्यायचं ध्यानमाच राहिनं नही."