हाताआडची ज्योत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेक जण गणिताच्या किंवा इंग्रजीच्या सरांविषयी लिहितील. मला मात्र चित्रकलेच्या तासाविषयी लिहायचे आहे, जो इतर विषयांचा पोर्शन पुरा करण्यासाठी हमखास काढून घेतला जाई.

एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेनंतर एकदा आमच्या चित्रकलेच्या सरांनी सावळाराम लक्ष्मण हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ (आशेची प्रभा) या चित्राची छापील प्रत फळ्यावर लावली आणि त्याचे नाव मुद्दाम झाकून ठेवले. एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा देणारी ती स्त्री आम्ही कॅलेंडरवर पाहिलेलीच होती, त्यामुळे ‘शांत’, ‘दुःखी’, ‘सात्त्विक’ अशी उत्तरे भराभर आली. प्रत्येकाला सरांनी एवढेच विचारले, “हे चित्रात कुठे दिसलं?” आमची बोलती बंद झाली, कारण तिच्या चेहऱ्यावर ठळक असा कोणताच भाव नाही. तेवढ्यात शहराच्या पूर्व भागातला, कापड विणायच्या मागांच्या खडखडाटात वाढलेला आमचा एक मित्र म्हणाला, “सर, तिथं वारं सुटलंय.” वारा कुठेच रंगवलेला नाही, तो त्या आडव्या धरलेल्या हातावरून ओळखायचा. सर खूश झाले, पण त्यांनी लगेच आणखी एक गोष्ट दाखवली : ज्योत बोटांआड असल्यामुळे उजेड तिच्या चेहऱ्याला मिळतो, आपल्या वाट्याला येतात ती फक्त उजेडाने तांबूस झालेली बोटे.

हे चित्र जलरंगातले आहे, हे त्या दिवशी कोणाला खरे वाटेना. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वरून थापायचा नसतो, उजेडाची जागा कागदावर आधीपासून राखावी लागते. म्हणजे बाईने ज्योत जपली तसा चित्रकारानेही कागद जपला, असे सर म्हणाले.

अनेक जण समजतात तसे हे चित्र राजा रविवर्म्यांचे नव्हे, आणि त्यासाठी हळदणकरांची कन्या गीता उभी राहिली होती, हे मला पुष्कळ नंतर समजले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात पाहताना मात्र त्या माहितीपेक्षा सरांचा प्रश्नच अधिक उपयोगी पडला. झाकलेले नाव उघडल्यावर सरांना त्या चित्रात आशा दिसत होती. मला अजूनही ती दिसत नाही. आशा धरणाऱ्याची नजर पुढे लागलेली असते, इथे सारे लक्ष हातातली ज्योत या घटकेला विझू नये एवढ्यावरच आहे, आणि त्याला मी काळजी म्हणेन.