शेवटच्या बोटीपासून सुरुवात

सोमवार, रात्री

लेकीकडे म्युनिकला येऊन आज पाच आठवडे झाले. येत्या शनिवारी चौघांनी मिळून एखाद्या तळ्यावर जायचे आणि संध्याकाळी परत यायचे असे जेवताना ठरले, आणि त्याच्या आखणीचे काम मी मागून घेतले. जावई हसून म्हणाले, "बाबा, मोबाइलमध्ये दोन गावांची नावे टाकली की सगळ्या गाड्या पुढ्यात येतात, त्यात आखायचे काय?" एस.टी.च्या आगारात सत्तावीस वर्षे वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला असे विचारू नये. गाडी किती वाजता सुटते हे कोणीही सांगते. ती चुकली तर पुढे काय करायचे हे ज्याला सांगता येते, त्यालाच वेळापत्रक वाचता येते असे मी समजतो.

म्युनिकच्या दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याशी तळी इतकी आहेत की आजची संध्याकाळ निवडीतच गेली. सगळ्यांत सोपे श्टार्नबेर्गचे तळे: एस-बान या उपनगरी गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास, आणि स्टेशनाबाहेर पडले की समोरच बोटीचा धक्का. क्योनिगझेचे पाणी फार देखणे, तिथे १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत. पण बेर्श्टेसगाडेनपर्यंत रेल्वे, मग बस, मग बोट असे करता करता जाण्यातच सकाळ संपायची आणि परतीच्या धास्तीत दुपार. शेवटी माझे मन कीमझेवर बसले. पूर्णपणे बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या प्रांतात आहे त्यात, असलेल्या तळ्यांत हे सर्वांत मोठे, सुमारे ८० चौरस किलोमीटरचे, म्हणून इथले लोक त्याला बव्हेरियाचा समुद्र म्हणतात. खरे कारण मात्र क्षेत्रफळाचे नव्हे. तिथे पोहोचायला मोठी रेल्वे, मग छोटी रेल्वे, मग बोट अशा दोन जागी गाठ घालावी लागते, आणि अशी गाठ दिसली की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. श्टार्नबेर्गला आखण्यासारखे काही उरतच नाही.

मंगळवार

आज तिकिटांचा अभ्यास केला. लेक आणि जावई दोघांकडे डॉइचलांड तिकीट आहे. महिनाभराच्या या एका पासावर देशभरातल्या साध्या गाड्या, बस आणि ट्राम चालतात, त्यामुळे प्रश्न फक्त आम्हा दोघांचा होता. आमच्यासाठी बायर्न तिकीट योग्य ठरते. हे दिवसभराचे तिकीट पाच जणांपर्यंत एकत्र काढता येते, माणूस वाढेल तसे थोडे पैसे वाढतात आणि म्युनिकमधल्या भुयारी रेल्वेलाही तेच चालते. दोन अटी मात्र नीट वाचाव्या लागतात. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊच्या आधी चालत नाही, शनिवारी-रविवारी आणि सुटीच्या दिवशी मध्यरात्रीपासून चालते. म्हणजे गर्दी टाळायला गुरुवार घेतला असता तर सकाळचे दोन तास गमावले असते. दुसरी अट अधिक फसवी आहे. साल्झबुर्गच्या मार्गावर धावणाऱ्या काही वेगवान गाड्या कीमझेसाठी उतरायच्या आपल्या प्रीन या स्टेशनावर थांबतात आणि मोबाइल त्यांची वेळही तितक्याच प्रेमाने दाखवतो, पण त्या गाड्यांत हे तिकीट चालत नाही. आपल्याकडे साध्या गाडीचे तिकीट घेऊन निमआराममध्ये चढलेल्या प्रवाशाला वाहक निदान फरक भरून घेत असे. इथे थेट दंड होतो, असे लेकीने दोनदा बजावले. तिकिटावर दोघांची नावे लिहायची असतात, ती मी आजच कागदावर रोमन लिपीत लिहून ठेवली, कारण पासपोर्टातल्या माझ्या नावाचे स्पेलिंग मला अजून न बघता लिहिता येत नाही.

गाडी कुठे धरायची यावरून थोडा वाद झाला. लेकीचे घर शहराच्या पूर्व भागात आहे आणि साल्झबुर्गची गाडी पूर्वेकडच्या ऑस्टबानहोफलाही थांबते, त्यामुळे तिथेच चढावे असे जावयांचे म्हणणे होते. मी नाही म्हणालो. उन्हाळ्यातल्या शनिवारी डोंगरात जाणारे लोक पाठीवर पिशव्या आणि सोबत सायकली घेऊन या गाडीला लोटतात, आणि बसायला जागा हवी असेल तर गाडी सुटते तिथेच चढावे हा नियम सातारा स्टँडवर खरा आहे तसा बत्तीस फलाटांच्या म्युनिक स्थानकावरही खरा असला पाहिजे. उलट दिशेने पंधरा मिनिटे जावे लागेल हे मान्य, पण पुढचा तासभर हिला उभे राहावे लागणार नाही.

बुधवार, रात्री

आज छोट्या रेल्वेविषयी वाचले आणि बसल्या जागी पन्नास-पंचावन्न वर्षे मागे गेलो. प्रीनच्या स्टेशनापासून श्टॉक नावाच्या धक्क्यापर्यंत जेमतेम दोन किलोमीटरची ही लाइन १८८७ मध्ये सुरू झाली. तळ्यातल्या एका बेटावरचा राजवाडा आदल्याच वर्षी लोकांना पाहायला खुला झाला होता. रोझेनहाइम-साल्झबुर्ग हा मोठा रेल्वेमार्ग १८६० पासून होता, पण स्टेशनावर उतरलेल्या माणसांची झुंबड धक्क्यापर्यंत न्यायची कशी, या अडचणीतून ही छोटी लाइन जन्मली. त्यासाठी म्युनिकच्याच कारखान्यातून आलेले वाफेचे इंजिन म्हणजे चौकोनी पेटीसारखे दिसणारे हिरवे प्रकरण आहे. रुळांमधले अंतर एक मीटर. आमची पुणे-मिरज लाइन ब्रॉडगेज होण्याआधी मीटरगेजच होती, आणि मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर त्या गाडीतून मिरजेला गेल्याचे, डोळ्यांत कोळशाचा कण गेल्याचे आणि दिवसभर रडल्याचे मला आठवते. ही छोटी गाडी फक्त उन्हाळ्याच्या हंगामात आणि मोजक्या फेऱ्यांत धावते, तेव्हा तिच्यावर सगळा दिवस टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. मिळाली तर बसायचे. नाही तर अर्ध्या-पाऊण कोसाचा सपाट रस्ता आहे, अर्ध्या तासात पाय पोहोचवतील. कागदावर मी चालण्याचाच वेळ धरला आहे.

आता मुख्य गोष्ट. सहलीचे वेळापत्रक लोक सकाळपासून मांडायला घेतात आणि तिथेच फसतात. ते मागून मांडायचे असते: बेटावरून निघणारी शेवटची बोट कोणती, तिच्या आधीची कोणती, त्या आधीच्या बोटीने उतरल्यावर स्टेशन गाठायला किती वेळ लागेल, तिथून म्युनिकची गाडी कितीला, आणि ती हुकली तर पुढची किती वेळाने. मग उरलेल्या वेळात जे बसेल तेवढेच पाहायचे. हे शहाणपण मला आगारात आले नाही, हे कबूल केले पाहिजे. नोकरीला लागून चार-पाच वर्षे झाली असताना आम्ही सहा मित्र बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून वासोट्याला गेलो होतो. जाण्याची प्रत्येक वेळ मी स्वतः काढली होती, चढायला किती, जेवायला किती, सगळे. उतरताना मात्र एकाचा पाय मुरगळला, खाली आलो तर लाँचवाला कंटाळून बसलेला, आणि अंधार पडता पडता बामणोलीच्या धक्क्याला लागलो तेव्हा साताऱ्याची शेवटची एस.टी. निघून गेलेली होती. ज्या विभागाच्या गाड्यांच्या वेळा मी रोज माइकवरून पुकारत होतो, त्याच विभागाची गाडी मला सोडून गेली होती. एका घराच्या ओट्यावर रात्र काढली आणि पहाटे, दुसऱ्या गावी मुक्कामी गेलेली गाडी परतताना रस्त्यावर हात करून धरली. तिचा वाहक ओळखीचा निघाला. त्याने ही गोष्ट मी निवृत्त होईपर्यंत आगारात सांगितली.

म्हणून शनिवारच्या कागदावर पहिली ओळ शेवटच्या बोटीची आहे, आणि तिच्यापुढे मी लाल शाईने "ही धरायची नाही" असे लिहिले आहे. आपली बोट तिच्या आधीची. प्रीनहून म्युनिककडे येणाऱ्या साध्या गाड्या साधारण तासाने असतात, तेव्हा एक हुकली तरी तळ्याकाठच्या उजेडात तासभर बसावे लागेल, एवढाच दंड.

गुरुवार

आज पुरुषांचे बेट की बायकांचे बेट, हा प्रश्न. ही माझी थट्टा नव्हे. कीमझेतल्या दोन मोठ्या बेटांची नावेच तशी आहेत. हेरनइन्झेलवर पूर्वी पुरुषांचा मठ होता, फ्राउएनइन्झेलवर ७८२ च्या सुमारास ताझिलो तिसरा या बव्हेरियाच्या ड्यूकने स्थापन केलेला जोगिणींचा मठ आजही नांदता आहे. मला पहिले पाहायचे होते, सौ.ला दुसरे, आणि लेकीने बोटीच्या तिकिटात दोन्ही बेटे येतात असे सांगून वाद मिटवला, निदान तिला तसे वाटले. वाद तिकिटाचा नव्हता, वेळेचा होता.

हेरनइन्झेलवर लुडविग दुसरा या राजाचा राजवाडा आहे. जंगल तोडणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातून हे बेट त्याने १८७३ मध्ये विकत घेतले आणि १८७८ पासून तिथे फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्याच्या नमुन्यावर महाल उभारायला घेतला; आरसेमहाल तर मूळच्यापेक्षाही लांब केला. पैसा संपला, काही दालने उघड्या विटांचीच राहिली, आणि सगळा खटाटोप करून राजा त्या महालात राहिला दहा दिवस, १८८५ च्या सप्टेंबरात. पुढच्या जूनमध्ये तो श्टार्नबेर्गच्या तळ्यात मृतावस्थेत सापडला. जुलै २०२५ मध्ये त्याचे इतर वाडे आणि हा वाडा यांना युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, म्हणजे गर्दी आणखी वाढली असणार. आत स्वतःच्या मनाने फिरता येत नाही. ठरलेल्या वेळेला वाटाड्याबरोबर आत जायचे असते, फेरी अर्ध्या तासाची आहे, आणि धक्क्यापासून वाड्यापर्यंत झाडीतून पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते. तिकीट धक्क्याजवळच घ्यायचे, ते न घेता वाड्यापर्यंत गेलेला माणूस तितकेच चालून परत येतो. तेव्हा हे बेट सकाळी, पाय ताजे असताना.

माझे खरे लक्ष वाड्यापेक्षा जुन्या मठाच्या इमारतीवर आहे. १९४८ च्या ऑगस्टमध्ये, १० ते २३ तारखांना, पश्चिम जर्मनीतल्या प्रांतांनी धाडलेली जाणकार मंडळी इथे एकत्र बसली आणि त्यांनी नव्या राज्यघटनेचा पहिला खर्डा तयार केला; त्यातून घडलेला मूलभूत कायदा २३ मे १९४९ रोजी जाहीर झाला. आपली राज्यघटना त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला स्वीकारली गेली. म्हणजे ऑगस्ट १९४८ मध्ये बाबासाहेबांच्या समितीचा मसुदा दिल्लीत लोकांच्या हरकती-सूचनांना सामोरा जात होता तेव्हा ही मंडळी तळ्यातल्या एका बेटावर, मोडलेल्या देशाचे कायदे पहिल्या ओळीपासून लिहीत होती. त्या खोलीत मला दहा मिनिटे तरी उभे राहायचे आहे. जावई म्हणाले की तिथे पाहण्यासारखे फारसे नाही. मी म्हटले, पाहायला कोण निघाले आहे.

दुपार बायकांच्या बेटाची. ते इतके लहान आहे की रमतगमत तासाभरात फिरून होते, मोटारींना तिथे मज्जाव आहे, आणि मठाचा कांद्याच्या आकाराच्या घुमटाचा मनोरा देवळापासून सुटा उभा आहे. कोळ्यांची काही घरे अजून तळ्यातले मासे पकडतात आणि रेंके नावाचा मासा धुरावर भाजून पावात घालून विकतात. शनिवार असल्यामुळे सौ. मासा खाणार नाही, आणि मी तिच्यादेखत खाऊ की नको यावर अजून निर्णय झालेला नाही. या बेटासाठी कागदावर मी सलग तीन तास ठेवले आहेत आणि त्यांत काहीही लिहिलेले नाही. उशीर झालाच तर तो इथे जिरवायचा, एस.टी.त आम्ही लांब पल्ल्याच्या गाडीला मधल्या मोठ्या स्थानकावर जास्तीचा थांबा देत असू तो याचसाठी.

शुक्रवार, रात्री

हवामान बघितले. सकाळी ऊन, दुपारनंतर गडगडाटाची शक्यता, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातले नेहमीचेच. आल्प्सवरून वादळ या तळ्यावर फार झपाट्याने उतरते, म्हणून काठावर जागोजागी नारिंगी दिवे लावलेले आहेत: मिनिटाला चाळीसदा लुकलुकले तर सावध राहायचे, नव्वददा लुकलुकले तर पाण्यातून ताबडतोब काठाला यायचे. हा इशारा प्रामुख्याने शिडाच्या नावा आणि पोहणाऱ्यांसाठी असतो, मोठ्या बोटी हिवाळ्यातही चालतात. तरी मी कागदावर लिहून ठेवले की बेटावरून दिवा जोरात लुकलुकताना दिसला तर जी पहिली बोट मिळेल ती धरायची, वेळ कोणतीही असो. योग असेल तर १९२६ सालची चाकांची बोट मिळावी अशी इच्छा आहे. तिची वाफ केव्हाच गेली, आता ती डिझेलवर चालते, पण बाजूची चाके पाणी कापतात म्हणे. त्या बोटीसाठी वेळापत्रक मोडायचे नाही, असेही मी स्वतःलाच बजावले आहे.

एक धोका माझ्या हाताबाहेरचा आहे. सुटीच्या दिवशी इथे रुळांची कामे काढतात आणि मधल्या टप्प्यात रेल्वेऐवजी बस लावतात. लेकीने आत्ता झोपण्यापूर्वी पाहिले, उद्या तसे काही नाही. सकाळी पुन्हा पाहायला सांगितले आहे. खरे सांगायचे तर बस लागली असती तरी मला वाईट वाटले नसते.

धपाटे झाले, शेंगदाण्याची चटणी बांधली, छत्र्या दोन, हिची गुडघ्याची पट्टी पिशवीत वर ठेवली. कागदाची एक प्रत माझ्या खिशात आहे, दुसरी जावयांनी मोबाइलवर फोटो काढून घेतली, तिसरी फ्रिजवर लावली होती. आत्ता पाणी प्यायला गेलो तर वेळांच्या खाली सौ.च्या अक्षरात एक ओळ वाढलेली दिसली: "निघण्यापूर्वी दही फ्रिजमध्ये ठेवणे." पुढे वेळ लिहिलेली नव्हती; मी ६.४५ असे लिहून आलो.